इंजिनाची शक्ती वाढविणारे बदल : कोणता किती उपयुक्त?

मोटारीच्या इंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी एअर फिल्टर, एक्झॉस्ट, ईसीयू रिमॅपिंग आणि टर्बोचार्जर हे चार बदल प्रामुख्याने केले जातात. मात्र त्यांचा लाभ, खर्च आणि धोका यांत मोठी तफावत आहे.

इंजिनाची शक्ती मुख्यत्वे त्यात शिरणाऱ्या हवेवर अवलंबून असते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. अधिक इंधन सोडणे सोपे असते. अधिक हवा भरणे हाच खरा प्रश्न असतो.

एअर फिल्टर बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. परंतु कारखान्यात बसविलेला फिल्टर स्वच्छ असल्यास तो इंजिनाला पुरेशी हवा देतो. त्यामुळे प्रत्यक्ष वाढ अत्यल्प असते. वाढतो तो प्रामुख्याने आवाज. बॉनेटखाली उघडा बसविलेला फिल्टर इंजिनाभोवतीची उष्ण, विरळ हवा ओढतो आणि त्यामुळे शक्ती घटूही शकते.

केवळ सायलेन्सर बदलल्याने टर्बो नसलेल्या इंजिनाला फारसा लाभ होत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकल्यास विषारी वायूंचे उत्सर्जन मात्र अनेक पटींनी वाढते.

ईसीयू म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक. त्यातील आज्ञावली बदलण्याला रिमॅपिंग म्हणतात. टर्बो नसलेल्या इंजिनात यामुळे जेमतेम काही टक्के वाढ मिळते. टर्बो इंजिनात मात्र हवेचा दाबच वाढविता येत असल्याने २० टक्के किंवा त्याहून अधिक वाढ शक्य असते. खर्चाच्या तुलनेत हा बदल सर्वाधिक परिणामकारक ठरतो. तथापि, क्लच आणि गिअरबॉक्सवर अधिक ताण पडतो, तसेच इंधन अवेळी पेटून पिस्टनला हानी पोहोचण्याचा धोका असतो.

टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या वायूंच्या ऊर्जेवर फिरून हवा दाबाने आत ढकलतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. साध्या इंजिनावर तो नव्याने बसविल्यास सर्वाधिक वाढ मिळते. परंतु इंटरकूलर, इंजेक्टर आणि अनेकदा पिस्टनही बदलावे लागत असल्याने हा उपाय सर्वांत महाग ठरतो.

कायद्याची बाजूही महत्त्वाची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. अशा बदलांमुळे वॉरंटी आणि विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

मोटारीचा वेग दुप्पट झाल्यास ती थांबविताना ब्रेकना चौपट ऊर्जा शोषावी लागते. म्हणूनच शक्ती वाढविण्याचा विचार करण्यापूर्वी ब्रेक, टायर, स्पार्क प्लग आणि फिल्टर यांची तपासणी करून घेणे हितावह आहे. जुन्या मोटारीची हरवलेली शक्ती बहुतेकदा या देखभालीतूनच परत मिळते.