सोळाव्या वर्षी मत?

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात साठी ओलांडलेल्या माणसांना जन्मतारीख विचारा. ‘१ जून’ हे उत्तर पुन्हा पुन्हा ऐकू येईल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, खरी तारीख घरात कुणी लिहून ठेवलेली नसायची, मग गुरुजी अंदाजाने साल धरून १ जून टाकायचे. पुढे नोकरी, निवृत्ती, मतदार यादीतले नाव, सगळे त्या एका नोंदीवर चालले. मतदानाचे वय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे आपण किती सहज धरून चालतो!

ही रेघ एकदा हललेलीही आहे. १९८९ पर्यंत मतदानाचे वय २१ होते. ६१व्या घटनादुरुस्तीने कलम ३२६ मधला तेवढा आकडा बदलला, आणि २८ मार्च १९८९ पासून ते १८ झाले. त्याआधीच काही राज्यांनी स्थानिक संस्थांसाठी १८ वर्षांच्या मुलांना मताचा हक्क दिला होता. दुरुस्ती मांडताना केंद्राने त्याचाच दाखला दिला. आधी गावात, मग दिल्लीत!

तरीही १८ म्हणजे नेमके १८ नव्हतेच. यादीसाठी १ जानेवारी ही एकच तारीख धरली जाई. २ जानेवारीला जन्मलेल्या मुलीला अठरा पूर्ण झाल्यावरही जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार महिन्यांच्या पहिल्या तारखा धरतात, आणि सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्जही करता येतो.

मग सोळा का नको? मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह ११ देशांतल्या ५,०००हून अधिक मुलामाणसांची तपासणी केली. शांतपणे विचार करून, माहिती तोलून निर्णय घेण्याची कुवत सोळाच्या आसपासच मोठ्यांच्या बरोबरीला येते, असे त्यांना दिसले. उशिरा येतो तो भावनेच्या भरातला संयम, मित्रांच्या गराड्यात स्वतःला आवरणे. गाडी चालवताना हा संयम हवाच. मत द्यायला मात्र दिवस हाताशी असतात, आणि बटण एकट्याने दाबायचे असते.

ऑस्ट्रियाने २००७ मध्ये वय १६ वर आणले. तिथल्या मतदानाच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तर १६-१७ वर्षांची मुले १८ ते २० वयाच्यांपेक्षा जास्त प्रमाणात मतदान करताना आढळली. याचे नवल आपल्याला तरी वाटू नये. अकरावीतली मुलगी घरी असते, आईबरोबर केंद्रावर जाते. अठरा झाले की पोरे पुण्याला होस्टेलवर, नाव मात्र गावच्या यादीत. पहिलेच मत हुकते, आणि हुकण्याचीही सवय लागते. पाथर्डीकडची कितीतरी मुले तर त्याआधीच आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. कोयता उचलायला वय आड येत नाही, मताला येते. हे मला फार लागते.

मतदानाचा सराव तर आपल्या झेडपीच्या शाळांतच चालतो. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक लागते, अर्ज भरले जातात, प्रचार होतो, मोबाइलवरच्या मतदान यंत्रावर बटण दाबले की ‘बीप’ वाजते, आणि बाई मार्करने बोटाला शाई लावतात. पाचवीतली मुलेही मत कुणाला दिले ते सांगत नाहीत!

आता नगर जिल्ह्यातल्याच हिवरे बाजार गावाकडे पाहा. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथे सरपंच झाले. त्या गावात पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, आणि कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरते. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, उसावर बंदी. जमिनीखालचे हे पाणी सर्वांत जास्त वर्षे वापरणार ती आज सोळाची असलेली पोरे. पण ग्रामसभेचे सदस्य कोण, तर मतदार यादीत नाव असलेले.

लोकसभेपर्यंत लगेच जायची गरज नाही. १९८९ पूर्वी झाले तसे गावापासून सुरू करावे, सोळा पूर्ण झालेल्यांना आधी ग्रामसभेत हात वर करू द्यावा, असे मला मनापासून वाटते. बालसभा भरतात, पण त्या फक्त सुचवू शकतात. पाण्याचा ठराव ग्रामसभेतच होतो.