रिफिल मिळेल का, बॉस?

मीटिंगमधलं सगळ्यात केविलवाणं वाक्य कुठलं? ‘जरा पेन देतोस?’ लॅपटॉप साठ हजारांचा, फोन त्याहून महाग आणि केवायसीच्या फॉर्मवर सही करायची वेळ आली की आपण शेजारच्याकडे हात पसरणार. नाहीतर बँकेतलं ते दोऱ्याने बांधलेलं पेन आहेच, बहुतेक वेळा न उठणारं! म्हणून म्हणते, या पगाराला धातूचं एक क्लिक पेन घेऊन टाका. फक्त घेताना पेनच्या आधी रिफिल बघा.

ऐकायला उलटं वाटेल. पण धातूची बॉडी वर्षानुवर्षं टिकते, रिफिल मात्र संपणारच. ती बाजारात मिळाली नाही, की झकास स्टीलचं पेन ड्रॉवरमधली शोभेची वस्तू! माझ्याकडे असं एक आहे, एका कॉन्फरन्सच्या किटमधून आलेलं. दिसायला एकदम राजबिंडं. त्याच्या रिफिलसाठी अप्पा बळवंत चौकातली दुकानं पालथी घातली, पण सगळीकडे मान नकारार्थीच हलली.

सेफ रस्ता म्हणजे ‘पार्कर टाइप’ रिफिल. पार्करचं जॉटर हे क्लिक पेन १९५४ साली आलं. त्याच्या रिफिलचा आकार पुढे इतक्या कंपन्यांनी उचलला, की ‘जी२’ नावाने त्याचं आंतरराष्ट्रीय मानकच ठरलं. लांबी साधारण ९८ मिलिमीटर, मागे दातेरी टोक. ते दाते शोभेचे नाहीत हं. मूळ जॉटरमध्ये दर क्लिकला रिफिल थोडी फिरायची, म्हणजे टोकाची गोळी एकाच बाजूने झिजायला नको. पन्नाशीच्या दशकात कुणीतरी इतका विचार केला होता, हे मला भारीच आवडतं.

यात एक घोळ आहे. पायलट कंपनीच्या जेल पेनचं नावही जी२ आणि त्याची रिफिल लांबीला जास्त. काउंटरवर नुसतं ‘जी२’ म्हणालात तर तीच हातात पडेल. ‘पार्कर टाइप’च म्हणा, आणि शंका असेल तर जुनी रिफिल सोबत न्या.

बाकी परीक्षा दुकानातच घ्या. पेन कानाजवळ धरून हलवा, खुळखुळत असेल तर ठेवून द्या. दहा-बारा वेळा क्लिक करा (दुकानदार वैतागेल, वैतागू दे). पेन उघडून आटे बघा. बाहेरून चकचकीत आणि आत प्लॅस्टिकचे आटे असतील, तर ते आधी जातात. आणि दोन ओळी लिहा, नुसती सही नको. पेन जड आहे की नाही, हे दुसऱ्या ओळीला कळतं.

जेल रिफिल मुलायम चालते, पण लवकर संपते. सह्या आणि फॉर्मसाठी साधी बॉलपेनची बरी. तिची शाई तेलकट असते, त्यामुळे चेकवर पाण्याचा थेंब पडला तरी सही पसरत नाही. पण याच कारणाने शर्टावरचा डागही नुसत्या पाण्याने जात नाही, तेव्हा खिशाला लावण्याआधी टोक आत गेलंय ना, ते बघा. रिफिल बदलायची ती टेबलावर. लोकलमध्ये उडालेली स्प्रिंग कुणाला सापडल्याचं ऐकलंय?

आणि हो, डेस्कवर एक पाच रुपयांचं पेनही ठेवा. ‘जरा पेन देतोस?’वाल्यांसाठी.