बोटीवरचा नाश्ता विकायचाय? आधी भरती-ओहोटी शिका!



"सर, फ्लेमिंगो बघायला केवढी माणसं येतात! तिथे वडापावची गाडी लावली तर?"

मुलुंडच्या एका ताईंनी बॅचमध्ये हा प्रश्न विचारला. भिशीचे साठ हजार त्यांच्या हातात आले होते. गाडी, कढई, सिलिंडर, सगळ्याचा हिशोब वहीत लिहून तयार होता. फक्त एकच गोष्ट राहिली होती. ताई स्वतः त्या बोटीत कधी बसल्या नव्हत्या.

मी म्हटलं, "ताई, साठ हजार राहू द्या बँकेत. आधी तिकीट काढा आणि एक फेरी मारून या."

आजचा लेख त्या प्रश्नावरच आहे. बोटीच्या सहलीवर खाणं विकता येतं का? येतं. पण मेन्यू तुमचं स्वयंपाकघर ठरवत नाही, तो बोट ठरवते. हे ज्याला कळलं त्याचे पैसे वाचतात.

आधी माझी फजिती ऐका

काही वर्षांपूर्वी एका ग्रुपच्या खाडी सफरीचं खाणं मी घेतलं होतं. 36 माणसं, माणशी 60 रुपये. म्हटलं, मुंबईकरांना भेळ दिली की काम झालं. कागदी द्रोणात सुकी भेळ आणि सोबत ग्लासभर ताक.

बोट खाडीच्या मध्ये आली आणि वारा सुटला. कुरमुरे माणसांच्या तोंडात कमी आणि पाण्यात जास्त! अर्ध्या तासाने दुसरी अडचण. ताक प्यायलेली मंडळी एकमेकांकडे बघायला लागली, कारण बोटीवर शौचालय नव्हतं. शेवटी बोट वेळेआधी वळवावी लागली. आयोजकाने पैसे दिले, पण पुन्हा कधी फोन केला नाही. 2,160 रुपयांच्या ऑर्डरमध्ये कायमचं गिऱ्हाईक गेलं.

भेळ चांगली होती हो! जागा चुकली होती.

बोटी तीन प्रकारच्या, धंदेही तीन प्रकारचे

आपल्या उपनगरांत आणि आसपास बघा.

*पहिला प्रकार: छोटी फेरी.* वर्सोव्याहून मढला जाणारी बोट काही मिनिटांत पलीकडे पोचते. बोरिवलीहून गोराईला जाणारीही तशीच, थोडी मोठी एवढंच. या बोटीत कुणी डबा उघडत नाही. इथलं गिऱ्हाईक बोटीत नाही, जेट्टीवरच्या रांगेत आहे, आणि पलीकडून दमून परत येणाऱ्या लोकांत आहे. जाताना माणूस घाईत असतो, येताना भुकेला असतो. म्हणून परतीच्या बाजूला उभे राहा.

*दुसरा प्रकार: खाडी सफर.* मुलुंडहून पूल ओलांडला की ऐरोली. तिथल्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत फ्लेमिंगो दाखवायला बोट जाते. या खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 2022 मध्ये ती रामसर यादीत आली. साधारण तास-दीड तासाची सफर, आणि लोक बहुतेक ग्रुपने येतात: सोसायटी, शाळा, ऑफिस, पक्षीमित्र. नवशिक्या उद्योजकासाठी हा सगळ्यात चांगला प्रकार, कारण माणसं मोजलेली असतात.

*तिसरा प्रकार: मोठी बोट.* गेटवेहून घारापुरी, किंवा 2020 मध्ये सुरू झालेली भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो. रो-रोवर स्वतःचं उपाहारगृह असतं. तिथे शिरायचं म्हणजे कंत्राट, अनामत, मोठं भांडवल. पहिला धंदा म्हणून याच्या नादी लागू नका.

भरतीचं गणित: मेन्यू इथे ठरतो

खाडीत बोट चालायला पाणी लागतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो. म्हणून सफरीची वेळ घड्याळ नाही, भरती ठरवते. आणि भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते.

आपल्या कोळी बांधवांना हे तोंडपाठ असतं. ढोबळ हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं. नेमकी वेळ आयोजकाच्या वेळापत्रकातूनच घ्यायची, पण हे गणित आलं की पुढचा आठवडा तुम्हाला आधीच दिसतो.

आता हे धंद्यात बसवा. सकाळी लवकरची सफर असेल तर लोक उपाशीपोटी घर सोडतात. त्यांना उतरल्यावर गरम पोहे आणि चहा हवा. भर दुपारची असेल तर लोक जेवून येतात, त्यांना चारच्या चहाबरोबर काहीतरी हवं. रोज सकाळी सात वाजता एकच पदार्थ घेऊन उभा राहणारा गाडीवाला इथे अर्धा महिना माशा मारणार! म्हणूनच ताईंना मी गाडी घेऊ नका म्हटलं.

आणि हंगाम विसरू नका. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबरपासून दिसायला लागतात आणि पावसाळ्याआधी जातात. म्हणजे वर्षातले काही महिनेच धंदा. गाडीचा हप्ता मात्र बाराही महिने.

बोटीत काय चालतं, काय नाही

बोटीवर माणसाचा एक हात कठड्याला असतो, दुसऱ्या हातात मोबाईल नाहीतर दुर्बीण. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, लोक गेले. त्यानंतर लाइफ जॅकेटचा आग्रह वाढला, आणि तो वाढायलाच हवा. पण जॅकेट घातलेल्या माणसाला मांडीवर प्लेट ठेवून खाता येत नाही. खाणं असं हवं की एका हाताने दोन-तीन घासांत संपेल आणि जॅकेटवर सांडणार नाही. हे खाणंही बोट शांत उभी असताना किंवा धक्क्याला लागल्यावरच, नाखवा सांगेल तेव्हा.

चालणारे पदार्थ:
- ठेपल्याचा घट्ट रोल, आत कोरडी शेंगदाण्याची चटणी
- खारे शेंगदाणे-चणे, छोट्या पुडीत
- चिक्की
- वसईची वेलची केळी (सालं परत गोळा करायची!)
- आलेपाक. बोट डोलली की मळमळतं, तेव्हा आल्याची वडी लोक मागून घेतात.

न चालणारे: भेळ, शेवपुरी, ओली चटणी लावलेलं सँडविच, मिसळ, तेलकट भजी. गरम वडापाव डब्यात बंद केला की वाफेने पाव ओला होतो. उकडलेल्या बटाट्याची भाजी उन्हात तासन्तास ठेवणं तर धोक्याचं. शिजलेलं अन्न 60 अंशांच्या वर गरम किंवा 5 अंशांच्या खाली थंड राहिलं पाहिजे. बोटीवर तुमच्याकडे शेगडी नाही आणि फ्रिजही नाही. म्हणून कोरडं द्या, निर्धास्त राहा. एका माणसाचं पोट बिघडलं तर पूर्ण ग्रुपला कळतं, आणि संध्याकाळपर्यंत चार व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचतं.

चहा, ताक, कोकम सरबत? उतरल्यावर! बोटीआधी नाही. माझी फजिती आठवा.

अजून एक. गोराईला ग्लोबल विपश्यना पॅगोडा बघायला येणाऱ्यांत किंवा घाटकोपर-मुलुंडच्या ग्रुपमध्ये जैन मंडळी असतात. कांदा, लसूण, बटाटा नको हे आपल्याला माहीत असतं, पण ओलं आलंही कंदच आहे. त्यांच्या खोक्यात आलेपाक नको, सुंठेची गोळी ठेवा. ऑर्डर घेतानाच विचारायचं, "जैन खोके किती?" एवढ्या एका प्रश्नावर लोक तुम्हाला लक्षात ठेवतात.

आता हिशोब. वही काढा!

समजा 25 जणांचा ग्रुप आहे. हे आकडे उदाहरणादाखल, तुमच्या बाजारभावाने बदला. एका खोक्याचा खर्च असा:

- ठेपला रोल: 14 रुपये
- शेंगदाणे-चणे: 7
- चिक्की: 6
- दोन वेलची केळी: 8
- आलेपाक: 4
- कागदी खोका आणि रुमाल: 9

झाले 48. बहुतेक जण इथेच थांबतात आणि म्हणतात, "70 ला विकू, 22 सुटले!" थांबा.

- गॅस: 3
- रिक्षाचं जाणं-येणं 300 रुपये, भागिले 25: 12
- तुमचे चार तास, ताशी 100 धरून 400, भागिले 25: 16
- दोन जादा खोके आणि तूटफूट: 5

एकूण 84. म्हणजे 70 ला विकलं तर खोक्यामागे 14 रुपये तुम्हीच ग्रुपला देताय! 110 ला विकलं तर 26 सुटतात. 25 खोक्यांचे 650, शिवाय तुमची मजुरी 400 वेगळी.

आता हाच हिशोब 10 खोक्यांवर करा. रिक्षा तेवढीच, म्हणजे खोक्यामागे 30. काम तीन तासांचं धरलं तरी मजुरी 30. एकूण 116, म्हणजे 110 ला तोटा. म्हणून नियम करा: 20 च्या खाली ऑर्डर नाही. नाही म्हणायला लाजू नका.

आणि अर्धे पैसे आगाऊ. वारा वाढला, बोट बिघडली की सफर रद्द होते, त्यात कुणाचाच दोष नसतो. आदल्या दिवशी ठरावीक वेळेनंतर रद्द केलं तर आगाऊ रक्कम परत नाही, हे मेसेजमध्ये लिहून पाठवा. चिक्की, शेंगदाणे टिकतात, ठेपले शेजारी जातात, पण तुमचे चार तास परत येत नाहीत.

परवानगी आणि प्रामाणिकपणा

घरून खाणं करून विकणाऱ्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. फॉसकॉस पोर्टलवर अर्ज होतो. उलाढालीची मर्यादा आणि फी तिथेच बघा, कारण नियम बदलत असतात. मिळालेला 14 आकडी नंबर बिलावर छापा. ग्रुपच्या आयोजकाला तो नंबर दिसला की अर्धा विश्वास तिथेच बसतो. वर्तमानपत्रात खाणं बांधू नका, शाई अन्नात उतरते.

सफरीच्या बोटीत टोपली घेऊन चढायचं नाही. आयोजकाशी बोला, लेखी होकार घ्या. जेट्टीवर उभं राहायचं असेल तर जागा कुणाच्या ताब्यात आहे ते विचारून रीतसर परवानगी घ्या. "सगळेच उभे राहतात" ही परवानगी नव्हे.

गेटवे-मांडवा बोटीवर तुम्ही बघितलं असेल, लोक सीगल पक्ष्यांना वेफर्स आणि कुरकुरे टाकतात. पाकिटं भराभर खपतात. मोह होईल, पण हा धंदा करू नका. तळलेलं, खारट खाणं पक्ष्यांचं अन्न नाही. ज्या खाडीवर तुमचं पोट चालणार, तिथे प्लॅस्टिकचं पाकीट सोडणं म्हणजे स्वतःच्याच दुकानात कचरा टाकणं. प्रत्येक ऑर्डरबरोबर एक मोठी कचऱ्याची पिशवी न्या आणि भरून परत आणा. पाण्याच्या बाटल्यांऐवजी नळ लावलेला जार धक्क्यावर ठेवा.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका 2017 पासून कांदळवन सफर चालवतात. लोक तिथे येतात ते खाडी आणि कांदळवन जिवंत आहे म्हणून. खाडी मेली तर सफर नाही, आणि सफर नाही तर तुमचा खोकाही नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

1. तिकीट काढून एक सफर करा. लोक काय खातात, कधी खातात, कचरा कुठे टाकतात, लिहून ठेवा.
2. पाच खोके करा आणि घरच्यांना एका हाताने, उभ्याने खायला लावा. जे सांडलं ते मेन्यूतून बाद.
3. तुमच्या सोसायटीत, शाळेत, ऑफिसात सफर कोण ठरवतं त्या तीन माणसांना फोन करा. खरं गिऱ्हाईक तेच.
4. पहिल्या ऑर्डरसाठी तीन हजारांपेक्षा जास्त घालू नका.

ताई फेरी मारून आल्या. फोनवर पहिलं वाक्य काय होतं माहितीये? "सर, बोटीत कुणी वडापाव मागितलाच नाही. उतरल्यावर मात्र सगळे चहा शोधत होते." आता त्या दोन मोठे थर्मास आणि ठेपल्याचे खोके घेऊन या हंगामात सुरुवात करतायत. साठ हजार अजून बँकेतच आहेत.

तुमचा हिशोब मांडून बघा, अडलं तर विचारा. पुढच्या व्हिडिओत बघू, ग्रुप आयोजकाला पहिला फोन करताना नेमकं काय बोलायचं. भेटूया!