पंधरा दिवसांचा फंडा

१४ एप्रिल, ३ मे, १७ मे, ३१ मे... २०२० मधल्या या तारखा आठवतात? लॉकडाऊन संपणार म्हणून कॅलेंडरवर गोल करायचा आणि दर वेळी तो गोल पुढे सरकवायचा! कोरोनाची भीती होतीच. पण आम्हा नोकरदार (आणि माझ्यासारख्या फ्रीलान्सर) मंडळींना रात्री जागवलं ते दुसऱ्याच प्रश्नानं. हे संपणार कधी?

माझ्या पाहण्यात जे त्यातल्या त्यात सावरले, त्यांनी हा प्रश्न विचारणंच सोडलं होतं.

कोथरूडची माझी मैत्रीण इव्हेंट कंपनीत होती. लग्नं बंद, कॉन्फरन्स बंद, पगार अर्ध्यावर. तिनं एक कागद घेतला आणि फक्त पुढच्या पंधरा दिवसांचा हिशोब मांडला. भाडं, किराणा, स्कूटरचा हप्ता, बस्स. घरमालकाला स्वतःहून फोन करून निम्मं भाडं आता, निम्मं नंतर असं ठरवून घेतलं. (सगळेच घरमालक ऐकत नाहीत, मान्य. पण विचारल्याशिवाय तर कुणीच ऐकत नाही.)

हप्त्याचं मात्र तिनं नीट वाचलं. रिझर्व्ह बँकेनं २७ मार्चला हप्ते तीन महिने थांबवायची मुभा दिली, पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. अनेकांना वाटलं, हप्ता माफ! माफबिफ काही नव्हतं, व्याज चालूच होतं. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर व्याजावरचं व्याज तेवढं नंतर परत मिळालं. पूर्ण पगार येत असताना ज्यांनी ही सवलत घेतली, त्यांनी उगाच घेतली असं माझं स्पष्ट मत आहे. मैत्रिणीनं दोनच महिने घेतली. पीएफमधून तीन महिन्यांचं बेसिक आणि डीए किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यातली कमी असेल ती रक्कम काढता येत होती. तिनं त्याला हात लावला नाही.

मुंबईत तर आणखी वैताग. २२ मार्चच्या रात्री थांबलेली लोकल १५ जूनला सुरू झाली, तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. बाकीच्यांना १ फेब्रुवारी २०२१ पासून, ठरावीक वेळांत. एप्रिलमध्ये पुन्हा बंद! १५ ऑगस्टपासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना प्रवेश. डोंबिवलीच्या माझ्या मित्राचं ऑफिस लोकलच्या आधीच उघडलं. काही दिवस एसटीच्या रांगेत काढल्यावर त्यानं ऑफिसजवळ एका दोस्ताच्या घरी सोमवार ते शुक्रवार मुक्काम ठोकला. बोली पंधरा दिवसांचीच. मग आणखी पंधरा. असं करत आठ महिने गेले, आणि दोस्ताच्या आईनं त्याला पोळ्या लाटायला शिकवलं.

मैत्रिणीची नोकरी शेवटी गेलीच, ऑगस्टमध्ये. पण तोवर तिच्याकडे एका महिन्याचं भाडं बाजूला होतं आणि ऑनलाइन वाढदिवसांची दोन कामं हातात होती. पहिल्याचे दीड हजार मिळाले. त्याच दिवशी तिनं घरमालकाचं राहिलेलं भाडं द्यायला सुरुवात केली.