उसाच्या चिपाडाचा विनियोग : ऊर्जा की कागद? (भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना : भंडारा हा प्रामुख्याने धान पिकविणारा जिल्हा होय. तथापि देव्हाडा (ता. मोहाडी) येथील साखर कारखान्यामुळे येथे ऊसशेतीही रुजली. याच परिसरात कागद कारखानाही उभा राहिला. त्यामुळे उसाचे चिपाड, म्हणजेच बगॅस, बॉयलरमध्ये जाळावे की त्याचा लगदा करावा, हा प्रश्न या जिल्ह्यापुरता केवळ पुस्तकी राहत नाही.

चिपाडाचा हिशेब : १ टन ऊस गाळल्यानंतर साधारणतः २८० ते ३०० किलो चिपाड मिळते. त्यात निम्मे पाणीच असते. १ किलो चिपाडापासून सुमारे २ किलो वाफ तयार होते. साखर तयार करण्यास जुन्या पद्धतीच्या कारखान्यात प्रतिटन उसामागे ४५० ते ५०० किलो वाफ लागते. म्हणजेच बहुतांश चिपाड कारखान्याच्याच भट्टीत खर्ची पडते व सुमारे ५० किलो शिल्लक राहते. याउलट १ टन लगद्यासाठी ५ ते ६ टन ओले चिपाड लागते. केवळ शिलकीवर विसंबल्यास त्यासाठी १०० ते १२० टन उसाचे गाळप करावे लागेल.

लगद्याच्या अटी : चिपाडातील सुमारे एकतृतीयांश भाग मऊ भुसकटाचा असतो. तो कागदास निरुपयोगी असल्याने वेगळा करून जाळावा लागतो. उर्वरित तंतू कॉस्टिक सोड्यात शिजविल्यावर काळा द्राव उरतो. त्यातील रसायनांची पुनर्प्राप्ती न करता तो नदीत सोडल्यास पाण्यातील प्राणवायू घटतो. भंडारा शहर आणि गोसीखुर्द जलाशय वैनगंगेच्याच प्रवाहावर अवलंबून असल्याने ही बाब दुर्लक्षिता येणार नाही.

पर्यायी इंधन : १९७९ मध्ये स्थापन झालेल्या तामिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स या कंपनीने साखर कारखान्यांना वाफ वा इंधन पुरवून मोबदल्यात चिपाड घेण्याची पद्धत अवलंबिली. भंडाऱ्यात असे इंधन म्हणून धानाच्या तुसाचा विचार होऊ शकतो. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते व त्याचे उष्णतामूल्य ओल्या चिपाडाहून अधिक असते. मात्र त्याच्या राखेतील सिलिकामुळे बॉयलरच्या नळ्या झिजतात, शिवाय उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांनाही तेच इंधन लागते.

निष्कर्ष : सारांश, पर्यायी इंधन आणि रसायन-पुनर्प्राप्ती यांची हमी असल्याखेरीज चिपाडाचा लगदा करणे हितावह नाही. तोवर वाफेची बचत करून शिल्लक चिपाडापासून वीजनिर्मिती करणे हाच या जिल्ह्यासाठी अधिक सुरक्षित मार्ग ठरतो.