गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि सहचराचें कर्तव्य

विवाहसंस्कारांत सप्तपदीला जें महत्त्व दिलें आहे, त्याचा अर्थ तारुण्यांत फारसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. बरोबरीनें सात पावलें चालणें, ही त्या वयांत गोष्ट ती काय! परंतु साठी उलटल्यावर पतिपत्नींपैकीं एकाचा गुडघा कुरकुरूं लागला, जिना चढतांना कठड्याचा आधार लागूं लागला, कीं मग बरोबरीनें चालणें म्हणजे काय, तें उमगतें.

गुडघ्याच्या सांध्यांत मांडीच्या व नडगीच्या हाडांचीं टोकें गुळगुळीत कूर्चेनें आच्छादिलेलीं असतात. वयोमानानें, स्थूलतेनें किंवा जुन्या दुखापतीनें ही कूर्चा झिजते आणि हाड हाडावर घासूं लागतें. औषधें, व्यायाम व वजन घटविणें यांनीं भागेनासें झालें, रात्रीची झोपहि मोडूं लागली, म्हणजे सांधा बदलण्याचा विचार करावा लागतो. बर्लिन येथील थेमिस्टोक्लीस ग्लूक या शल्यवैद्यानें १८९० सालीं हस्तिदंती सांधा बसवून पाहिला होता. आजच्या शस्त्रक्रियेचा पाया मात्र १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्क येथें जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत व त्यांचे सहकारी यांनीं घातला. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर २००० सालीं मुंबईंत शस्त्रक्रिया झाली, ती याच डॉ. राणावत यांनीं केली. या शस्त्रक्रियेंत हाडांचीं झिजलेलीं टोकें थोडीं तासून त्यांवर मिश्रधातूचें आवरण बसवितात आणि दोहोंमध्यें टणक प्लॅस्टिकची चकती ठेवितात. अशा कृत्रिम गुडघ्यांच्या किंमतीवर भारत सरकारनें २०१७ सालीं मर्यादा घातल्यामुळें मध्यम स्थितींतील कुटुंबांसहि ही शस्त्रक्रिया पूर्वीपेक्षां आटोक्यांत आली.

शल्यवैद्य आपलें काम एक-दोन तासांत उरकतो; पुढचे तीन महिने मात्र घरच्या माणसाचे असतात. उदाहरणादाखल एक घर कल्पावें. पत्नीचें वय ६४, पति सेवानिवृत्त, मुलगा परगांवीं. ४० वर्षें घर तिनें चालविलें. गृहस्थास चहापलीकडे स्वयंपाकघराची ओळख नाहीं. अशा गृहस्थानें आपली तयारी एक महिना आधींच आरंभावी. वरणभात व दोन भाज्या इतकें तरी शिकून घ्यावें. सतरंज्या, पायपुसणीं व वाटेंत लोंबणाऱ्या विजेच्या तारा दूर कराव्या. न्हाणीघराच्या भिंतीला धरावयास दांडा बसवावा. हातांची उंच खुर्ची व उंच बैठकीचें शौचकूप यांची सोय करावी. पाटावरचें जेवण, देवापुढची मांडी आणि उकिडवें बसणें यांचा निरोप घ्यावा लागतो. तेव्हां देव्हाराच उंच टेबलावर न्यावा, म्हणजे पूजेंत खंड पडत नाहीं. मधुमेह असल्यास साखर आटोक्यांत आणावी. किडका दात, मूत्रमार्गाचा दाह किंवा पायावरील जखम यांवर आधींच उपचार करून घ्यावे, कारण तेथील जंतु नव्या सांध्यांत शिरकाव करूं शकतात.

शस्त्रक्रियेच्याच किंवा दुसऱ्या दिवशीं रोग्यास वॉकरच्या आधारानें उभें करितात. घरीं आल्यावर पतीनें एक वही घालावी आणि तींत औषधाची वेळ, व्यायामाची वेळ व गुडघा किती अंश वांकला तो आंकडा रोज मांडावा. वेदनाशामक गोळी डॉक्टरांस विचारून व्यायामापूर्वीं अर्धा तास द्यावी. व्यायामानंतर बर्फ फडक्यांत गुंडाळून १५–२० मिनिटें ठेवावा; उघडा बर्फ कातडीस लावूं नये. पावलें घोट्यांतून खालींवर हलविण्याची वरचेवर आठवण द्यावी; त्यानें पोटरींत रक्त साकळण्याचें भय कमी होतें. गुडघ्याखालीं उशी देण्याचा मोह आवरावा. उशीनें बरें वाटतें खरें, पण पाय सरळ होईनासा होतो. जिना चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना दुखरा पाय आधीं. आणि काठी धरावयाची ती चांगल्या बाजूच्या हातांत.

परंतु खरी कसोटी तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागते. समाचाराला येणारीं माणसें विरळ झालेलीं असतात, सूज उतरलेली नसते, रात्रीं झोप नसते, आणि गुडघा ७५ अंशांच्या पुढें वांकत नाहीं. पत्नी डोळ्यांत पाणी आणून म्हणते, “अहो, आजचा दिवस राहूं द्या.” जिनें जन्मांत स्वतःसाठीं कांहीं मागितलें नाहीं, तिला नाहीं म्हणणें गृहस्थाच्या जिवावर येतें. येथेंच पुष्कळांची चूक होते. जखम भरतांना सांध्याभोंवतीं तंतूंचें जाळें विणलें जात असतें. पहिल्या कांहीं आठवड्यांत वांक मिळविला नाहीं, तर तें घट्ट होतें, आणि मग पुन्हां भूल देऊन गुडघा मोकळा करण्याची पाळी येऊं शकते. म्हणून व्यायाम सोडूं देऊं नये. पण जबरदस्तीनें पाय दाबूंहि नये. “दहा वेळां होत नसेल तर चार वेळां कर, मी येथें बसतों,” असें म्हणून पतीनें शेजारीं बसावें, आणि वही उघडून गेल्या सोमवारचा ६५ चा आंकडा दाखवावा. रोग्यास आपली प्रगति दिसत नाहीं. वहींत ती दिसते.

दुसरी चूक याच्या उलट, अति सेवेची. पाण्याचा पेला उठल्याबसल्या हातांत देण्यापेक्षां, वॉकर धरून चार पावलें जाऊन तिनें तो तेथेंच पिणें अधिक हिताचें. पतीनेंहि आपलें जेवण, झोप व रक्तदाबाची गोळी चुकवूं नये. तोच आजारी पडला तर दोघांचेंहि घर बंद पडेल.

पोटरी एकाएकीं सुजून दुखूं लागली, जखमेंतून स्राव येऊं लागला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशीं शल्यवैद्यास कळवावें. छातींत दुखून दम लागला, तर क्षणाचाहि विलंब न लावतां रुग्णालय गाठावें.

साधारणपणें सहा आठवड्यांत घरांतील हालचाल सुलभ होते. ताठरपणा पुरता जाण्यास मात्र वर्षहि लागतें. २०१९ सालीं ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या पाहणीप्रमाणें शंभरांतील सुमारें ८२ सांधे २५ वर्षें टिकतात. तेव्हां हे कांहीं महिने व्यर्थ जात नाहींत. ज्या दिवशीं ती जिना उतरून कोपऱ्यावरील भाजीवाल्यापर्यंत जाते, त्या दिवशीं पतीनें पिशवी आपल्या हातीं घ्यावी आणि पाऊल तिच्या पावलाशीं जुळवावें. मात्र घरीं परतल्यावर स्वयंपाकघर तिच्या हवालीं करून मोकळें होऊं नये. शिकलेल्या त्या दोन भाज्या पुढेंहि त्याच्याच हातच्या असाव्या.