शस्त्रक्रियेच्या दाराशी उभा विक्रेता

बहुतेक व्यापारात माल निवडणारा आणि पैसे मोजणारा एकच असतो. हृदयाच्या स्टेंटचे तसे नाही. निवड डॉक्टरांची, खर्च रुग्णाचा, आणि तो त्या वेळी टेबलावर निजलेला. या दोघांच्या मधे कंपनीचा प्रतिनिधी उभा असतो. रक्तवाहिनीला अडीच मिलिमीटरचा स्टेंट लागेल की तीनचा, हे ऐनवेळी ठरते. म्हणून सर्व मापांचा साठा रुग्णालयात आधीच ठेवावा लागतो. बिल मात्र वापरलेल्या नगाचेच, तेही पुष्कळदा महिनोन् महिने थकलेले. मध्यरात्री फोन आला, तर हवे ते माप घेऊन धावायचे. रुग्णाला स्पर्श करण्याचा अधिकार त्याला नाही.

कष्ट खरे, पण याच मधल्या जागेत नफाही फुगत गेला, हे नाकारता येत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली. तत्पूर्वी लाखाच्या वर आकारणी होत असे. स्टेंटची किंमत, कंपनी व बॅच क्रमांक बिलात स्वतंत्रपणे नोंदविण्याचे बंधनही त्याच आदेशाने रुग्णालयांवर घातले. घरी परतताना कुटुंबीयांनी ती नोंद अवश्य पाहावी.